कोरलच्या टाकीत एंजल ठेवायचाय? मग मासा आणि कोरल एकत्रच ठरवा

सगळ्यात आधी, आपण खाऱ्या पाण्यातल्या एंजलबद्दल बोलतोय. गोड्या पाण्याच्या टाकीत लांब पंख पसरून फिरणारा जो एंजल आपण लहानपणापासून बघतो तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला सिक्लिड, त्याचा आणि याचा नावापुरताच संबंध. समुद्री एंजलचं कुळच वेगळं, त्यात नव्वदच्या आसपास जाती आहेत आणि ओळखायची खूण म्हणजे गालाच्या खालच्या कोपऱ्यात मागे वळलेला एक टोकदार काटा. बटरफ्लाय फिशला तो नसतो. हा काटा लक्षात ठेवा, पुढे मासा पकडताना त्याचा विषय येणार आहे.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की एंजल रीफ सेफ आहे का, म्हणजे कोरलला त्रास न देता राहील का. समुद्रात हा मासा दिवसभर खडकावरचं शेवाळ, स्पंज आणि तसलं चिकटून वाढलेलं काहीबाही टोचत फिरतो, त्याचं तोंडच त्या कामासाठी बनलंय, त्यामुळे तुमच्या टाकीत पण तो टोचणारच, ते कोणी थांबवू शकत नाही. बघायचं एवढंच की काय टोचेल आणि त्यात तुमचं किती जाईल. बहुतेक जण आधी आवडतील ते कोरल जमवतात आणि मग शोभेला एंजल आणतात, आणि तिथेच गडबड होते. माझं स्पष्ट मत आहे की कुठला एंजल ठेवायचा ते आधी ठरवा आणि त्याला ज्यात रस नाही असेच कोरल लावा. भारतात राहणाऱ्यांना तर हे सोपं पडतं, कारण कायद्यामुळे आपल्याला ज्या कोरलकडे वळावं लागतं त्यातले बरेचसे एंजलला आवडतच नाहीत.

पायरी १ : कायदा बघून घ्या

हे मुद्दाम पहिल्या नंबरला घेतलंय कारण दुकानात कोणी सांगत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये २००१ पासून रीफ बांधणारे सगळे कडक कोरल, काळे कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन आहेत. म्हणजे कायद्याने वाघाला जे संरक्षण आहे तेच यांना. टोर्च, हॅमर, ब्रेन, ॲक्रोपोरा ही नावं परदेशातल्या व्हिडिओत रोज दिसतात पण ती सगळी कडक कोरलमध्ये मोडतात. ट्रायडॅक्ना (जायंट क्लॅम) शिंपले पण याच कायद्याने संरक्षित, समुद्री घोडा पण, सी कुकुंबर पण. मेलेल्या कोरलचा दगड सुद्धा यातून सुटत नाही, त्यामुळे कोणी 'ओरिजिनल लाइव्ह रॉक, मन्नारच्या आखातातला' म्हणून समुद्रातून काढलेला दगड विकायला लागला तर हात जोडून बाहेर पडा. आता चांगले सिरॅमिकचे आणि तयार केलेले कृत्रिम दगड मिळतात, भोकं भरपूर असतात, आणि सहा-आठ महिन्यात त्यांच्यावर रंग चढला की कोणाला फरक कळत नाही.

मग उरतात सॉफ्ट कोरल : मशरूम, लेदर, झोआ (छोट्या फुलांच्या गुच्छासारखे), झेनिया, केनिया ट्री. हे पण बिलावरच घ्या, कुठून आलेत ते विचारा. आणि मालवणला किंवा रत्नागिरीला ओहोटीच्या वेळी खडकावर काय छान दिसलं म्हणून उचलून आणायचं नाही, मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे.

दुबई, अमेरिका, युके वगैरे ठिकाणी असणाऱ्यांना कडक कोरल दुकानात उघडपणे मिळतात, त्यांच्यासाठी पुढे वेगळं लिहिलंय.

पायरी २ : मासा ठरवा

एंजल म्हणजे एकच प्रकार नाही, आठ सेंटिमीटरच्या चेरबपासून पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत जाणारे मासे यात येतात. नवीन माणसाने तीन गट लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला गट ड्वार्फ, म्हणजे सेंट्रोपायजी. कोरल ब्युटी, फ्लेम, चेरब हे यातले. साधारण दहा सेंटिमीटरपर्यंत जातात आणि मुख्य खाणं शेवाळ. पहिला एंजल म्हणून मी कोणालाही कोरल ब्युटीच सांगतो, निळा-जांभळा आणि मधे केशरी, प्रत्येक माशाचा रंगाचा पॅटर्न थोडा वेगळा, खातो चांगला आणि फ्लेमपेक्षा स्वस्त. फ्लेम दिसायला जबरदस्त आहे यात वाद नाही, लालभडक अंगावर काळे उभे पट्टे, पण तो पॅसिफिकमधून लांबचा प्रवास करून येतो आणि भाव पण तसाच असतो, त्यामुळे तो दुसऱ्या टाकीला ठेवा. याच गटातला बायकलर, अर्धा पिवळा अर्धा निळा, दुकानात खूप दिसतो आणि बघताक्षणी घ्यावासा वाटतो, पण तो प्रवासात खचतो, खायला नखरे करतो आणि कोरल पण जास्त टोचतो. लेमनपीलचं पण टोचण्याच्या बाबतीत नाव खराबच आहे. हे दोन नवीन माणसाने सोडून द्या.

दुसरा गट जेनिकँथस, ज्यांना स्वॉलोटेल म्हणतात. कोरलवाल्यांसाठी सगळ्यात बिनधास्त गट हाच, कारण हे समुद्रात मधल्या पाण्यात पोहत प्लँक्टन खातात, खडकाला फार तोंड लावत नाहीत. लॅमार्क सगळ्यात सहज मिळतो, पांढऱ्या अंगावर काळ्या आडव्या रेघा, वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो म्हणून टाकी मोठी लागते. नर-मादी वेगळे ओळखू येतात ही यांची मजा, लॅमार्कच्या नराचे पोटाखालचे पर काळे असतात, मादीचे पांढरट. सगळे मादी म्हणून सुरुवात करतात आणि गटात नर नसेल तर मोठी मादी नर होते. घेताना एकच गोष्ट नीट बघायची, हे खोल पाण्यातून पकडलेले असतात आणि वर आणताना घाई झाली तर आतली हवेची पिशवी बिघडते. शेपूट वर आणि डोकं खाली असा तिरका पोहत असेल, किंवा एका जागी थांबायला सारखे पर मारावे लागत असतील, तर घेऊ नका.

तिसरा गट मोठे, म्हणजे एम्परर, कोरान, ब्लू रिंग, रीगल. गोव्याला ग्रँड आयलंडला किंवा कर्नाटकातल्या नेत्राणीला ज्यांनी डायव्ह केलंय त्यांनी ब्लू रिंग बघितला असेल, तपकिरी-सोनेरी अंगावर निळ्या वळणदार रेघा, गालाच्या मागे वर एक निळं कडं आणि शेपूट पांढरी. पिल्लू मात्र काळं, त्यावर निळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा, दोन्ही एकच मासा आहे असं सांगितल्याशिवाय पटत नाही. एम्पररचं पण तसंच, पिल्लावर पांढरी गोल गोल वर्तुळं आणि मोठा झाला की पिवळ्या-निळ्या रेघा. रीगल सोडला तर हे मासे ३५ ते ४५ सेंटिमीटर होतात, त्यांना सहा फुटाच्या वरची टाकी लागते आणि झोआ वगैरे ते जेवण समजूनच खातात. दुकानात दोन इंचाचं पिल्लू दिसलं म्हणून चार फुटाच्या टाकीसाठी आणू नका, ते तिथे गुदमरतं. मोठ्यांमध्ये रीगल तुलनेने कोरलला बरा, त्यातही हिंदी महासागरातला, ज्याची छाती पिवळी असते तो, पॅसिफिकच्या करड्या छातीवाल्यापेक्षा लवकर रुळतो, पण तो अनुभवी लोकांचा मासा आहे.

पिल्लं हॅचरीत वाढवलेली मिळत असतील तर दोन पैसे जास्त देऊन तीच घ्या. बालीमध्ये आणि इतर काही ठिकाणी आता एंजलची पैदास होते. असा मासा पहिल्या दिवसापासून गोळी-खाणं खातो, आणि दुसरं म्हणजे इंडोनेशिया-फिलिपिन्सकडे काही ठिकाणी सायनाइड मारून मासे पकडतात, त्यातला मासा दुकानात ठणठणीत दिसतो, खातो सुद्धा आणि घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यात काही कारण न दिसता जातो, ती भीती हॅचरीच्या माशात नसते.

पायरी ३ : टाकी, आणि इथे घाई अजिबात नको

एका ड्वार्फसाठी चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, म्हणजे साधारण २५० लिटर. लॅमार्कसाठी चार बाय दोन बाय दोन, ४५० लिटर, पाच फूट जमली तर उत्तमच. ४५० लिटरची टाकी दगड, काच, स्टँड धरून सहाशे किलोच्या वर जाते, त्यामुळे फ्लॅटमध्ये ती बीमजवळच्या भिंतीला लावून ठेवा आणि जुनी बिल्डिंग असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवूच नका.

पाणी. मुंबईच्या किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी आणायचं नाही, एवढंच बोलतो. आरओचं पाणी आणि त्यात मरीन सॉल्ट. इथे एक गैरसमज काढून टाका, घरातल्या किचनच्या प्युरिफायरचं पाणी चालत नाही, कारण त्यात चवीसाठी मिनरल परत मिसळतात आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ४०-५० तरी राहतो. आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणारी) कार्ट्रिज लावा आणि टीडीएस मीटरवर शून्य येईपर्यंत समाधान मानू नका, बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर रेझिन लवकर संपतो ते पण धरून चाला. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, आणि तो रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, काट्याच्या प्लॅस्टिक मीटरवर विश्वास ठेवू नका. २५ लिटर पाण्याला साधारण ९०० ते ९५० ग्रॅम मीठ लागतं.

तापमान २५-२६. आपल्याकडे खरी डोकेदुखी हीच. पुण्यात, नाशिकला पाण्यावर फॅन मारला की दोन-तीन डिग्री आरामात उतरतात कारण हवा कोरडी असते, मुंबईत आणि कोकणात दमट हवेत फॅनचा फार उपयोग होत नाही, तिथे चिलर घ्यावाच लागतो. फॅन लावलात तर पाणी उडतं आणि मीठ तिथेच राहतं, म्हणून ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावा आणि त्यात साधं आरओ-डीआय पाणी, खारं नाही.

लाइट जाते तिथे इन्व्हर्टरवर सगळं घेऊ नका, चिलर-हीटर त्याला झेपत नाही. फक्त एक वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) आणि रिटर्न पंप (फिल्टरमधलं पाणी परत टाकीत आणणारा) घ्या, आणि एक बॅटरीवाला एअर पंप घरात असू द्या. उन्हाळ्यात पाणी गरम झालं की त्यातला ऑक्सिजन आधीच कमी असतो, अशा वेळी पंप बंद पडले तर मासे तासाभरात वर येऊन तोंड मारायला लागतात.

सायकलिंग, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया टाकीत वाढू देणं, चार ते सहा आठवडे, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. पण सायकल झाली म्हणजे एंजलसाठी टाकी तयार झाली असं नाही. ड्वार्फ एंजल दिवसभर खडकावरचं पातळ शेवाळ खातो, ते शेवाळ आणि त्यातले बारीक जीव वाढायला सहा महिने तरी जाऊ द्या. खडक असे रचा की मागे-पुढे बोगदे राहतील आणि मासा टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खडकाआडून जाऊ शकेल. लपायला जागा असलेला एंजल उलट जास्त बाहेर दिसतो. वर जाळीचं झाकण घाला, हे उडी मारतात.

बाकी आकडे थोडक्यात : पीएच ८.० ते ८.४, अल्कलिनिटी ८-९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. सॉफ्ट कोरलला नायट्रेट अगदी शून्य आवडत नाही, त्यामुळे शून्याच्या मागे लागू नका. आकडा नेमका किती यापेक्षा तो रोज तेवढाच राहणं महत्त्वाचं. एंजलला खायला जास्त घालावं लागतं म्हणून स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) टाकीच्या मापापेक्षा एक साइज मोठा घ्या.

आणि एक, जे कुठल्या पुस्तकात सापडत नाही पण आपल्याकडे फार कामाचं आहे. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल किंवा घरात झुरळा-डासांचा स्प्रे मारायचा असेल तर त्या खोलीत मारायचाच नाही. ती औषधं माशांना आणि कोळंबी-खेकड्यांना विष आहेत, आणि एअर पंप आणि स्किमर खोलीतलीच हवा ओढून पाण्यात मिसळतात. करावंच लागलं तर तेवढा वेळ दोन्ही बंद, टाकी ओल्या चादरीने झाका, आणि नंतर खिडक्या उघडून पंखा लावा.

पायरी ४ : कोरल

सारकोफायटन, सिन्युलारिया वगैरे लेदर कोरल स्वतःच्या अंगात कडू, नको असलेली रसायनं बाळगून असतात, त्यामुळे एंजल एक-दोनदा तोंड लावून सोडून देतो. मशरूमचं पण साधारण तसंच. केनिया ट्री इतकं भराभर वाढतं की थोडं टोचलं तरी फरक पडत नाही. या तिघांवर टाकी उभी करा. झोआ मात्र रिस्क आहे, काही कोरल ब्युटी वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघत नाहीत आणि काही पहिल्याच आठवड्यात साफ करतात. झोआ लावायचेच असतील तर महागडे रंग पहिल्यांदा नकोत, साध्या हिरव्या-तपकिरीचा एक गुच्छ लावून महिनाभर बघा.

लेदर कोरल अधूनमधून आठवडाभर मिटून राहतो, वर चकचकीत मेणासारखा थर येतो आणि मग तो सोलून निघतो. ते नॉर्मल आहे, त्याचा दोष एंजलवर टाकू नका.

परदेशातल्या मंडळींसाठी : ॲक्रोपोरा, मोंटिपोरा हे बारीक पॉलिपचे (पॉलिप म्हणजे कोरलचं एकेक फुलासारखं तोंड) कोरल ड्वार्फ एंजलबरोबर बऱ्यापैकी टिकतात, कधी वरचा चिकट द्रव चाटतो तेवढंच. ज्यांना जाड मांसल अंग असतं, ट्रॅकीफिलिया, लोबोफिलिया, स्कोलिमिया, ॲकॅन, ते आणि ट्रायडॅक्ना शिंपल्याची रंगीत कड हे एंजलचं आवडतं खाणं, ते त्या टाकीत ठेवूच नका. जेनिकँथस असेल तर एवढी काळजी लागत नाही.

पायरी ५ : दुकानात मासा निवडणं

माल आला त्याच दिवशी मासा घेऊ नका. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला, कुर्ल्याला फिरा, आवडला तर ॲडव्हान्स देऊन ठेवा आणि दहा-बारा दिवस दुकानातच राहू द्या, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. मग जाऊन समोर खायला घालायला सांगा. खाताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला की सकाळीच खाल्लंय.

टाकीसमोर दोन मिनिटं शांत उभे राहा. निरोगी ड्वार्फ एंजल तुमच्यावर एक डोळा ठेवतो, खडकाच्या भोकातून आत जातो, पलीकडून बाहेर येतो, मधेच थांबून खडकाला एक टोच मारतो. त्या टोचण्याकडे बघा, तो मासा जगायच्या मूडमध्ये आहे. याउलट कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थरात थांबलेला, भराभर कल्ले हलवणारा, डोळ्यावर पांढुरकं आलेला, किंवा पोट आणि पाठीचा वरचा भाग आत गेलेला मासा कितीही स्वस्त असला तरी सोडा. साइज मधला घ्या, ड्वार्फ असेल तर पाच ते सात सेंटिमीटर.

पकडताना दुकानदाराला सांगा की जाळी नको. तो गालाचा काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना कल्ल्याचं झाकण फाटतं. प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यात हुसकावून घ्यायचा. आणि त्या टाकीचा खारटपणा विचारून घ्या, बरेच दुकानदार मुद्दाम १.०१८-१.०२० ठेवतात.

पायरी ६ : क्वारंटाइन, हे टाळलंत तर बाकी सगळं वाया

दोन फुटाची साधी काचेची टाकी, साठ लिटर, आधीच चालू टाकीत महिनाभर ठेवलेला स्पंज फिल्टर, हीटर, आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले पीव्हीसी पाइपचे एल्बो लपायला. वाळू नको, दगड नको, कारण ते औषध शोषतात. पाण्याचा खारटपणा दुकानाच्या पाण्याएवढाच ठेवा, पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा आणि मासा सोडा, पिशवीतलं पाणी टाकू नका. नंतर चार-पाच दिवसात हळूहळू खारटपणा ३५ वर आणा. बाहेरगावाहून कुरिअरने मासा आला असेल तर तासन्‌तास थेंब थेंब पाणी सोडत बसायचं नाही, कारण पिशवी उघडली की पीएच वर जातो आणि आत साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो.

चार आठवडे तरी इथेच. काय बघायचं? अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे मरीन इच हा परजीवीचा रोग. पिठासारखी बारीक भुकटी आणि मासा वेव्हमेकरच्या धारेत तोंड करून धापा टाकतोय म्हणजे व्हेल्व्हेट, हाही परजीवीचाच रोग, तिथे एक दिवसाचा उशीर पण महागात पडतो. डोळे धुरकट आणि अंग घासत फिरणं म्हणजे बहुतेक फ्लूक्स (अंगाला चिकटणारे बारीक परजीवी किडे), एंजलमध्ये हे फार असतं, त्यावर प्राझिक्वान्टेल हे औषध. इच आणि व्हेल्व्हेटवर कॉपर (तांब्याचं औषध) चालतं, पण ड्वार्फ एंजल कॉपरला नाजूक असतात, म्हणून चिलेटेड प्रकारचं घ्या, पूर्ण डोस एकदम न देता चार-पाच दिवसात चढवत न्या आणि त्याच औषधाला चालणारं टेस्ट किट आणून रोज मोजा. खाणं सोडलं तर डोस वाढवायचा थांबवा.

कॉपर मेन टाकीत कधीही नाही, कोरल, गोगलगाय, कोळंबी सगळं मरतं. क्वारंटाइनची जाळी, बादली, पाइप पण वेगळे ठेवा. मेन टाकीत इच शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस बिनमाशाची ठेवायची ही रूढ पद्धत आहे. त्यापेक्षा सुरुवातीचे चार आठवडे सोपे नाहीत का?

परांवर फुलकोबीसारखे पांढरे गोळे आले तर घाबरू नका, तो लिम्फोसिस्टिस, एंजलमध्ये येतो, चांगलं पाणी आणि चांगलं खाणं मिळालं की बहुतेक वेळा आपोआप जातो.

पायरी ७ : खायला घालणं

भरल्या पोटाचा एंजल कोरलकडे कमी बघतो, त्यामुळे कोरल वाचवायचं निम्मं काम इथेच होतं. दिवसातून तीनदा थोडं थोडं. फ्रोजन मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव), स्पिरुलिना घातलेला ब्राइन श्रिंप, चांगली गोळी, आणि मोठ्या एंजलसाठी स्पंज मिसळलेलं एंजल फॉर्म्युला फ्रोजन मिळतं ते. ड्वार्फसाठी रोज नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) एक तुकडा क्लिपला लावून काचेला चिकटवा. सुपरमार्केटमध्ये सुशीसाठी मिळते तीच नोरी चालते, फक्त पाकीट वाचून घ्या, तेल-मीठ-मसाला लावलेली नको.

नवीन मासा खात नसेल तर आपल्याकडे एक फार भारी उपाय बाजारात मिळतो, तिसऱ्या. ताज्या तिसऱ्या आणा, दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग वितळवून आरओच्या पाण्यात धुवा, आणि एक तिसरी अर्ध्या शिंपल्यावर उघडून तशीच खडकाजवळ ठेवा. मांस शिंपल्याला धरलेलं असल्यामुळे माशाला ते ओढून, टोचून खावं लागतं, समुद्रात खातो तसंच. पहिल्यांदा तो दुरून बघेल, एकदा कडेला टोच मारून मागे पळेल, मग परत येईल आणि एकदा चव लागली की शिंपला आतून चकचकीत होईपर्यंत सोडत नाही. गोळीला तोंड न लावणारे मासे पण यावर सुरू होतात. अर्ध्या-एक तासात न खाल्लेलं काढून टाका, नाहीतर अमोनिया वाढतो. तिसऱ्या खायला लागला की त्याच वेळी बाजूला मायसिस सोडायला लागा म्हणजे त्यावर पण येईल.

पायरी ८ : मेन टाकीत सोडणं

एंजल सगळ्यात शेवटी. क्लाउन, गोबी, कार्डिनल हे गरीब मासे आधी स्थिरावू द्या, कारण ड्वार्फ एंजल दिसायला छोटा असला तरी जागेवर हक्क सांगणारा आहे. चार फुटाच्या टाकीत सेंट्रोपायजी एकच, दोन ठेवले तर एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून मारतो. पहिले तीन-चार दिवस त्याला टाकीतच पारदर्शक भोकाच्या डब्यात ठेवा, बाकीच्यांना त्याची आणि त्याला त्यांची सवय होते, आणि खातोय का तेही तुम्हाला दिसतं. सोडताना लाइट बंद करून संध्याकाळी सोडा.

पायरी ९ : टोचायला लागला तर

टोचणं दोन प्रकारचं असतं. जाता जाता एक टोच मारली, पॉलिप मिटला, पाच-दहा मिनिटात परत उघडला, हे चालतं, तो वरचं शेवाळ किंवा चिकट थर खातोय. पण तोच कोरल दिवसभर मिटून राहतोय, रोज थोडा लहान होतोय, आणि मासा फिरून फिरून त्याच जागी येतोय, म्हणजे त्याला चव लागली. पहिली टोच दिसल्याबरोबर लगेच मासा काढायच्या मागे लागू नका आणि महिनाभर नुसतं बघत पण बसू नका.

आधी खाण्याची एक वेळ वाढवा आणि नोरी सकाळी लाइट लागायच्या आत लावा, बरेचदा तेवढ्यानेच भागतं. मग त्या कोरलवर भाजीची प्लॅस्टिकची छोटी जाळीदार टोपली उलटी घालून वर दगड ठेवा, दहा-बारा दिवस. कोरल सावरतो आणि माशाची सवय मोडू शकते. टोपली काढल्यावर परत तेच झालं तर कोरल किंवा मासा, दोघांपैकी एकाला दुसरी टाकी.

मासा काढायचा तर खडक उपसू नका. ॲक्रिलिकचा फिश ट्रॅप टाकीत ठेवा, दार उघडं ठेवून रोजचं खाणं त्यातच घाला, चार-पाच दिवसात तो स्वतःहून आत जाऊन खायला लागतो, मग दार सोडा. इथे पण जाळी नाही, डबा.

काढलेला मासा काय वाटेल ते झालं तरी समुद्रात सोडू नका. तो बहुतेक इथला नसतोच, आणि टाकीतले रोग सोबत घेऊन जातो. दुकानदार सहसा परत घेतात, किंवा ज्यांची फक्त माशांची मोठी टाकी आहे अशा कोणाला द्या. देताना तो काय खातो, किती वाजता खातो, टाकीचा खारटपणा किती होता हे कागदावर लिहून द्या, आणि त्याच्या नेहमीच्या फ्रोजन खाण्याच्या चार वड्या पण सोबत द्या म्हणजे नवीन जागी पहिले दोन दिवस उपाशी राहणार नाही.